मीटर पुढं फिरवा म्हणणारं गिऱ्हाईक

"मेस्त्री, इलेक्ट्रिक घ्यावी का?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, मयताला गेलो तर तिथंही विचारतात. परवा दाताच्या डॉक्टरनं मी खुर्चीत तोंड वासून पडलेला असताना विचारला. तोंडात त्याची पक्कड, मी सांगणार काय? नुसतं हं हं केलं. त्याला वाटलं मेस्त्री होकार देतोय. त्यानं आठवड्यात गाडी बुक केली, आणि आता चार्जिंगची वायर जिन्यापर्यंत पोचत नाही म्हणून मलाच फोन करतो.

मी बाबालाल मुलाणी. रहिमतपुरात, कोरेगावच्या रस्त्याला माझं मोटरसायकलचं गॅरेज आहे. बाप सायकलींची पंक्चर काढायचा. मी इंजिनं खोलायला शिकलो, आणि उतारवयात, घरचे सगळे नको म्हणत असताना, सांगलीला जाऊन इलेक्ट्रिक गाड्यांचं कामही शिकून आलो. या अंकाचे संपादक म्हणाले, "चाचा, इलेक्ट्रिक गाडीचे फायदे-तोटे लिहा, लोकांना उपयोग होईल." लिहितो. पण तोटा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं आक्का येतात, त्याला माझा इलाज नाही.

आधी फायदे. किक मारावी लागत नाही. गुडघे धरून गॅरेजात येणारी म्हातारी माणसं या एका गोष्टीवर फिदा आहेत. क्लच नाही, गिअर नाही, कान पिळला की गाडी निघाली. ऑइल बदलायचं नाही, प्लग घासायचा नाही, कार्बोरेटरमध्ये कचरा अडकत नाही. म्हणजे ज्या ज्या दुखण्यांवर माझं घर चाललं, ती सगळी दुखणी हिला नाहीतच. माझी बायको जुबेदा म्हणते, "डॉक्टरनंच औषध शिकून यायचं आनि पेशंट घालवायचं, असा शहाणा मी पयल्यांदा बघितला." तिचं खोटं नाही.

आता तोटे. एक तर पार्ट. पेट्रोलच्या गाडीचा पार्ट सकाळी साताऱ्याहून एस.टी.त टाकायला सांगितला तर दुपारी गाडीला बसलेला असतो. हिचा पार्ट कंपनीकडनं यायचा, आणि कंपनीला फोन केला की एकच उत्तर, येतोय. आमच्या शंकर दूधवाल्यानं हौसेनं इलेक्ट्रिक घेतली. पहिल्या दिवशी अर्धं दूध परत आलं. गाडीचा आवाजच नाही, तर दारात दूध आलंय हे बायकांना कळणार कसं? शेवटी त्यानं बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ हँडलला बांधली. मग झालं सुरळीत. पण पुढं घाटात खडीवरनं घसरला आणि पुढचा सगळा भाग वाकला. शंकरला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही, पण गाडी पार्टची वाट बघत माझ्या शेडात येऊन पडली. बॅटरी धडधाकट, मोटर धडधाकट, पण पुढचं चाक नाही. शंकर मुकाट्यानं जुन्या गाडीवर दूध घालायला लागला. हा शंकर आणि ही पडलेली गाडी ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसरं असं की ही गाडी चुगल्या करते. हिच्या पोटात मोबाईलसारखं सिमकार्ड असतं. चार्ज कमी झाला, चार्ज पूर्ण झाला, गाडी कुठं उभी आहे, याचे मेसेज नोंदवलेल्या नंबरवर जातात. सांगलीला शिकायला होतो तेव्हा साडूकडं उतरलो होतो. त्याच्या शेजारच्या गृहस्थांनी गाडी बायकोच्या नावावर घेतलेली. एक दिवस "ऑफिसात लय काम हाय" म्हणून सांगितलं आणि मिरजेला दोस्ताकडं पत्ते कुटत बसले. गाडीनं बायकोला कळवलं, मी मिरजेत आहे, माझा चार्ज संपत आलाय. गृहस्थ घरी आले तेव्हा बायकोनं विचारलं, "ऑफिस मिरजेला कवा हललं?" आम्ही पोट धरून हसलो होतो. तेव्हा हसलो तेच पुढं आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

तिसरा तोटा सगळ्यात मोठा. ही गाडी नुसती उभी ठेवलेली चालत नाही. तिला वापरायची नसेल तरी अधूनमधून चार्ज करावी लागते. महिनोन् महिने तशीच ठेवली तर बॅटरी आतल्या आत रिकामी होत जाते, आणि एका मर्यादेखाली गेली की मरते. मग कितीही चार्जिंगला लावा, उठत नाही. आणि बॅटरी म्हणजे जवळजवळ गाडीच. ती मेली की उरतो तो नुसता सांगाडा.

मुंबई-पुण्याच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. तो म्हणेल, गाडी घेतली तर उभी कोण ठेवतो? आमच्याकडं ठेवतात, बाबांनो. आमच्याकडं घरटी एक माणूस मिल्ट्रीत. तो सुट्टीवर येतो, महिना-दोन महिने गाडी उधळतो आणि बॅग उचलून जातो. गाडी दारात राहते. तो गेला की त्याच्या गाडीला कोणी हात लावत नाही. असा काही लिहिलेला नियम नाही, पण आहे. भाऊ दुसऱ्याची गाडी मागून नेईल, पण दारातली घेणार नाही.

या उभ्या गाड्यांची बांधाबांध हा माझा खास धंदा होता. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी निरोप यायचा, "चाचा, उद्या निघतोय, गाडी झोपवून जावा." मी जायचो. टाकीतलं पेट्रोल काढायचं, कार्बोरेटर मोकळा करायचा. प्लग काढून त्या भोकातनं चमचाभर ऑइल सोडायचं आणि हळू किक फिरवायची, म्हणजे आत गंज धरत नाही. बॅटरीची वायर काढायची. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबायचा, नाहीतर कुंभारमाशी आत मातीचं घर करते. मोठ्या स्टँडवर चढवायची, वर सुती चादर टाकायची, प्लॅस्टिक नाही, प्लॅस्टिकखाली घाम सुटतो. आणि निघताना घरच्यांना एकच वाक्य, "आता हिला त्यो येईपर्यंत हात लावायचा न्हाई." तो परत आला की त्याच्यादेखत चादर काढायची आणि दुसऱ्या किकला गाडी बोलायला लावायची. अंगणात पोरंबाळं टाळ्या पिटायची. तेव्हा छाती अशी फुगायची की काय सांगू.

आक्कांचं घर रहिमतपुरापासून थोडं आत, उसाच्या पट्ट्यात. त्यांच्या मालकांची गाडी मी पहिल्यापासनं झोपवत आलो. सुभेदार होऊन ते पेन्शनीवर आले आणि बरीच वर्षं घरात राहून आजारानं गेले. आक्कांचा हिशेब सरळ होता. एकदा मला म्हणाल्या होत्या, "बाबालाल, त्येंच्या गाडीला मी कवा कुनाला हात लावू दिला न्हाई. आनि दर खेपंला त्ये सुकरूप परत आलं." असेल, म्हटलं.

मग त्यांचा संतोष भरती झाला. त्याची पहिली पेट्रोलची गाडी मीच झोपवायचो, मीच उठवायचो. लग्न झालं, अश्विनी सून म्हणून घरात आली. पोरगी औषधशास्त्राचा डिप्लोमा झालेली, बोलायला कमी, कामाला वाघ. कोरेगावच्या एका मेडिकल दुकानदारानं तिला विचारलं होतं, येतीस का? पण गावातनं त्या वेळेला एस.टी. नाही, आणि गिअरची गाडी तिला जमेना. म्हणून संतोषनं जुनी गाडी विकून टाकली आणि पाडव्याच्या मुहूर्तावर इलेक्ट्रिक मोटरसायकल घेतली. लाल, झगझगीत. मला पेढे घेऊन बोलावलं.

"चाचा," संतोष म्हणाला, "ही माझी न्हाई, हिची हाय. गिअर न्हाई, किक न्हाई. ही कोरेगावला जाईल, आईला दवाखान्यात न्हेईल."

आक्का शेजारीच बसलेल्या. म्हणाल्या, "शोरूममधी त्यो मानूस नंबर कुनाचा घालू म्हनला. ह्यो म्हनतो अश्विनीचा घाला. मी म्हनलं, येडा का खुळा? गाडी तुजी, नंबर तुजाच." सगळे हसलो. मीही पेढा खाऊन हसलो.

सुट्टीभर संतोषनं अश्विनीला मळ्यातल्या रस्त्यावर गाडी शिकवली. यात्रा झाली, तो गेला. जाताना माझ्याकडं येऊन म्हणाला, "चाचा, ही झोपवायची न्हाई. ही पळवायची." मी म्हटलं, बरोबर बोललास गड्या.

श्रावणात त्या गावात दुसऱ्या कामाला गेलो होतो, म्हणून आक्कांकडं डोकावलो. सोप्यात गाडी उभी, मोठ्या स्टँडवर, वर सुती चादर. चादर धुतलेली होती. कपाळाला लावावं तसं पुढच्या दिव्याला हळदीकुंकू.

मी म्हटलं, "आक्का, हे काय? ही गाडी अशी ठेवायची नसती."

"का? तुमीच तर शिकवलंय. सुती चादर टाकायची, हात लावायचा न्हाई."

"आवं, ती पेट्रोलची. हिची बॅटरी मरंल अशानं. हिला चार्जिंगला लावा, सूनबाईला चालवू द्या. संतोष सांगून गेलाय न्हवं?"

"व्हय," आक्का म्हणाल्या.

"चालवू देताय न्हवं मग?"

"व्हय व्हय. चा घ्या."

अश्विनी चहा घेऊन आली. कप ठेवताना तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं आणि आत गेली. त्या बघण्यात सगळं होतं. पण आपण परक्याच्या घरात सासू-सुनेच्या मध्ये कुठं बोलायचं? मी चहा प्यालो आणि त्या 'व्हय'वर भरवसा ठेवून उठलो. साठी उलटलेला माणूस मी, याच मातीतला. आमच्याकडं 'व्हय' म्हणजे होकार असतोच असं नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ असतो, आता हा विषय बंद करा.

दसऱ्याला फोन आला. खंडेनवमीला गाडी पुजायची म्हणून आक्कांनी चादर काढली, गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. अश्विनीला म्हणाल्या, लाइट लावून बघू जरा. अश्विनीनं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही.

मी गेलो, बॅटरी काढली, मोजली, माझ्याकडच्या यंत्रावर लावून दोन दिवस खटपट केली. सांगलीच्या माझ्या मास्तरांना फोन लावला. ते म्हणाले, मुलाणी, सोडून द्या. उभी ठेवलेली बॅटरी, कंपनी भरपाई देत नाही. मी आक्कांना जाऊन सांगितलं, "गेली."

मला वाटलं होतं त्या वाद घालतील. त्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मग बोलायला लागल्या, माझ्याकडं न बघता.

"गाडी दारात असली की मला वाटतं पोरगं घरात हाय. ही पोरगी चालवून कुठं पडली, गाडीला काय झालं, तर मनात पाल चुकचुकायची. त्येंच्या वक्ताला मी राखली तशीच ही पण राखली. मी काय वाईट केलं का बाबालाल?"

"न्हाई आक्का."

"पर त्यो दर रविवारी फोन करतो. इचारतो, आई, अश्विनी गाडी चालवती का? मी म्हनते, व्हय, रोज. तिला इचारतो, ती बी माज्या तोंडाकडं बघून व्हय म्हनती. आता दिवाळीला त्यो येनार. काय सांगू त्येला?"

अश्विनी दारात उभी होती. ती म्हणाली, "मेडिकलवाल्यांनी दुसरी मुलगी ठेवली. पावसाळ्यातच." तक्रारीचा सूर नव्हता. आज भाजीला काय आहे ते सांगावं तसं सांगितलं. मला ते जास्त लागलं.

बॅटरीची सोय मला सुचली होती. शंकरची पडलेली गाडी याच कंपनीची, याच मॉडेलची, तिची बॅटरी मी शेडात अधूनमधून चार्ज करत आलेलो, आणि नशिबानं या मॉडेलची बॅटरी एकीची दुसरीला चालते. शंकरला विचारलं, तो म्हणाला, "न्ह्या चाचा, पार्ट येईपर्यंत माझी काय अंडी घालणार हाय का?" बॅटरी आणून बसवली. पडदा उजळला. आणि त्यावर किलोमीटरचा आकडा आला, संतोष सोडून गेला तेव्हा होता तोच.

आक्कांना आकडा वाचता येत नव्हता, पण तो काय सांगतो ते बरोबर कळलं. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाबालाल, ह्ये मीटर पुढं फिरवता येतं का हो?"

उभ्या हयातीत मीटर मागं फिरवा म्हणणारी गिऱ्हाइकं पोत्यानं बघितली. गाडी विकायची असते, कमी पळालेली दाखवायची असते. एकेकाला मी पाना दाखवून गॅरेजातनं हाकललंय. पण मीटर पुढं फिरवा म्हणणारं गिऱ्हाईक हे एकच. मला हसायलाही येईना आणि रडायलाही.

"आक्का, जुन्या गाडीला केबल असायची, काहीतरी झालं असतं. हिचं आतनं कुलूपबंद असतं. पुढं न्यायचं तर एकच मार्ग हाय. चालवायची."

आक्कांनी पडद्यावरच्या आकड्यावरनं पदर फिरवला. मग आक्का अश्विनीला म्हणाल्या, "चालव मग. पर मी मागं बसनार."

त्यानंतर दिवाळीपर्यंत जे झालं ते आमच्या रस्त्यानं डोळे भरून बघितलं. लाल गाडी, पुढं अश्विनी डोक्याला हेल्मेट घालून, मागं नऊवारीत आक्का, एका हातानं सुनेचा खांदा आणि दुसऱ्या हातानं पदर धरून. पहिल्या दिवशी माझ्या गॅरेजपर्यंत आल्या तेव्हा आक्का डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या. चौथ्या-पाचव्या दिवशी बघतो तर मागं वळून एस.टी.च्या ड्रायव्हरला हातानं पुढं जा म्हणत होत्या. कोरेगावला गेल्या, साताऱ्याला गुडघ्याच्या डॉक्टरकडं गेल्या. आक्कांचं माहेर फलटणकडं, किती वर्षं गेल्या नव्हत्या, वाटेत मुक्काम करून, चार्जिंग करून तिथंही जाऊन आल्या. परत येताना माझ्याकडं थांबल्या. आक्का खाली उतरल्या, कंबर धरली आणि म्हणाल्या, "लय भारी चालवती ओ ही. मला ठावंच नव्हतं."

अश्विनी हसली. त्या घरात आल्यापासनं तिला असं मोकळं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मग ती म्हणाली, "चाचा, कोरेगावात मेडिकलवरनं गेलो. काउंटरला ती नवी मुलगी होती." आक्कांनी ऐकलं. गाडीवर बसताना त्यांनी या खेपेला सुनेच्या खांद्यावर हात ठेवला तो जरा वेळ तसाच राहिला.

संतोष दिवाळीला आला. दोन दिवस झाले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन एकटाच गॅरेजवर आला. मी हातातला पाना तसाच घेऊन पुढं झालो. त्यानं स्टँड लावला, चहा सांगितला, आणि बाकावर माझ्या शेजारी बसला.

"चाचा, बॅटरी कुनाची हाय?"

मी पाना उगाच हातात फिरवत राहिलो.

"बॅटरीवरचा नंबर वेगळा हाय म्हनून इचारतो. राग न्हाई."

"शंकर दूधवाल्याची," मी म्हटलं. "आनि तुला..."

त्यानं खिशातनं फोन काढला आणि नुसता मांडीवर ठेवला. "मला गाडीचं मेसेज येत हुतं चाचा. नंबर माजाच न्हवं का? जाऊन महिना झाला आनि पयला मेसेज, चार्ज कमी झालाय. मग आणखी कमी. मग आणखी. कृपया गाडी चार्ज करा. मी तकडं बरॅकीत बसून वाचायचो आनि रविवारी आईला फोन करायचो. म्हनायचो, गाडी चालवती का अश्विनी? आई म्हनायची, व्हय. पावसाळ्यात कवा तरी शेवटचा मेसेज आला, आनि मग बंदच झालं. तवा मला कळलं, गेली."

माझ्या डोळ्यांसमोर तो सांगलीतला पत्तेवाला गृहस्थ आला. तेव्हा किती हसलो होतो.

"आरं मग बोलला का न्हाईस बाबा? एक शब्द बोलला असतास तर बॅटरी वाचली असती. पोरीची नोकरी वाचली असती."

"काय बोलू? मला मेसेज येतोय म्हनून सांगितलं असतं, तर आईला वाटलं असतं अश्विनीनंच मागनं चुगली केली आनि ह्यो आता मेसेजचं नाव सांगतोय. मी हजार मैल लांब. घरात दोघीच. मी भांडण लावून द्यायचं आनि तिथं बसायचं?" त्यानं चहाचा कप उचलला आणि परत ठेवला. "मला वाटायचं, या रविवारी आई सांगंल. न्हाई तर अश्विनी तरी सांगंल. दर रविवारी वाटायचं. कुनीच सांगितलं न्हाई."

मी श्रावणातला चहा आठवत बसलो.

"आनि दसऱ्यानंतर एक दिवस मेसेज आला, चार्जिंग पूर्ण झाले. मग रोज. गाडी कोरेगावला. गाडी साताऱ्याला. एक दिवस आला, गाडी फलटणला. म्हनलं, आयला, आई मामाकडं गेली का काय? बरॅकीत एकटाच हसत बसलो चाचा. शेजारच्यानं इचारलं, खुळा झालास का?" तो परत हसला आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. मीही चष्मा काढून पुसायला घेतला.

मी विचारलं, "मग आता आक्कांना सांगतोस न्हवं?"

"माज्यानं न्हाई व्हायचं. आईनं मला काल मीटर दाखवलं, बघ म्हनली, किती चालवली ती. इतकी खूश हुती. मी म्हनलं, व्हय आई, लय चालवली." मग म्हणाला, "मी गेल्यावर तुमी सांगा चाचा. माज्या म्होरं नगो."

तो गेला. आता वरच्या कुठल्या तरी चौकीत आहे, यात्रेला सुट्टी मिळाली नाही. तो गेल्यावर दोनच दिवसांनी शंकरचा पार्ट आला, अगदी नको तेव्हा. मी शंकरची बॅटरी काढून त्याला दिली आणि आक्कांच्या गाडीत ती मेलेली परत घातली, रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून. नवी बॅटरी घेण्याइतकं आत्ता त्या घरात होत नाही. अश्विनीला गाडी येते, पण चालवायला गाडी नाही. चादर मात्र आता कोणी टाकत नाही. आणि मध्ये मी गेलो तर आक्का सोप्यात गाडीला चार्जिंगची पिन लावून शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "रोज लावते. तुमी सांगितलं हुतं न्हवं." चार्जरवर हिरवा दिवा लागत नाही, तो लागणारही नाही. मी म्हटलं, "बरं करताय आक्का." आणि चहा प्यालो.

संतोषचं सांगायला असा मी तीनदा गेलो आणि तीनदा चहा पिऊन आलो. मोटरसायकल कशी उघडायची हे मला ठाऊक आहे. एवढी एक गोष्ट तोंडातनं बाहेर कशी काढायची ते ठाऊक नाही. संतोषला मी विचारलं होतं, बोलला का नाहीस? आता तेच जुबेदा मला विचारते.

तर फायदा-तोटा विचारणाऱ्यांना सांगतो. गाडी चांगली आहे, जरूर घ्या. फक्त घ्यायच्या आधी घरात बसून एकदा ठरवा, ही चालवणार कोण. आणि ज्याला चालवायची आहे त्याला चालवू द्या. यापेक्षा जास्त मला कळत नाही.

राहिलं एक. अश्विनी, हा अंक मी तुमच्या घरी आणून देईन. देऊन थांबणार नाही, चहाला बसलो की परत तेच होईल. हे पान आक्कांना मोठ्यानं वाचून दाखव.

आक्का, तुमच्या पोराला पहिल्यापासनं सगळं ठावं हाय. त्यो चिडलेला न्हाई, कवाच न्हवता. ह्या रविवारी त्याचा फोन आला आनि गाडी कशी हाय म्हणून त्यानं इचारलं, तर व्हय म्हणू नका. बंद हाय म्हणा.